हौशी क्रीडा मंडळांचे कार्यक्रम आणि संगीताचे परवाने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स, कलात्मक स्केटिंग, तालबद्ध योगासने, लेझीम, एरोबिक्स यांची प्रात्यक्षिके संगीताशिवाय उभी राहत नाहीत. ते संगीत बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाच्या तरी मालकीचे असते. पुढची उत्तरे कॉपीराइट कायदा, १९५७ आणि त्यातल्या २०१२ च्या दुरुस्त्या धरून दिली आहेत. मंडळाचा चिटणीस, प्रशिक्षक आणि साउंड सांभाळणारा, या तिघांनीही ती वाचावीत. घोटाळा बहुधा या तिघांच्या मधल्या फटीतच होतो.

आमचे मंडळ नफ्यासाठी चालत नाही. वार्षिक प्रात्यक्षिकात स्पीकरवर गाणी वाजवायला परवाना लागतो का?

मंडळ खरोखरच नफ्यासाठी नसेल आणि कार्यक्रम मंडळाचाच असेल, तर नुसते वाजवायला लागत नाही. कलम ५२ मध्ये कॉपीराइटचा भंग न मानल्या जाणाऱ्या कृतींची यादी आहे. त्यातले ५२(१)(के) असे सांगते की नफ्यासाठी स्थापन न झालेल्या किंवा न चालवल्या जाणाऱ्या क्लबने अथवा तशाच संस्थेने आपल्या उपक्रमाचा भाग म्हणून ध्वनिमुद्रण लोकांना ऐकवले, तर तो भंग नाही. बहुतेक हौशी क्रीडा मंडळांचे काम याच उपकलमावर चालते. तरी 'आम्ही कोणाला पैसे देत नाही' एवढेच सांगणारे पदाधिकारी खूप, आणि कलमाचा आकडा सांगणारे फार थोडे.

मात्र ही सवलत ऐकवण्यापुरतीच आहे. गाणे कापणे, जोडणे, त्यावर व्हिडिओ बसवणे, नेटवर प्रक्षेपण करणे, यांतले काहीही तिच्यात येत नाही. त्या प्रत्येकाचा प्रश्न पुढे वेगळा घेतला आहे.

मग 'हौशी संस्थेला सूट' म्हणून ५२(१)(एल) सांगतात ते काय?

ते वेगळे आहे, आणि इथेच सर्वाधिक गफलत होते. (एल) मध्ये हौशी क्लबने किंवा संस्थेने साहित्यकृती, नाट्यकृती किंवा संगीतकृती स्वतः सादर करण्याबद्दल सांगितले आहे. त्याला अट अशी की प्रेक्षकांकडून पैसे घेतलेले नसावेत किंवा कार्यक्रम एखाद्या धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी असावा. ध्वनिमुद्रणाचा त्यात उल्लेखच नाही.

म्हणजे मंडळाची मुले स्वतः गात असतील, हलगी-ढोलकीवर चाल वाजवत असतील, तर (एल). पेनड्राइव्हमधला ट्रॅक लावून त्यावर कसरती करत असतील, तर (के). मुले गातात पण मागे कराओके ट्रॅक लावला आहे, तर दोन्ही उपकलमे लागतात, कारण कराओके ट्रॅक हेही ध्वनिमुद्रणच. आणि मानधन देऊन व्यावसायिक ऑर्केस्ट्रा बोलावला, तर 'हौशी संस्थेने सादर केले' असे म्हणता येत नाही. मग कृतीच्या, म्हणजे शब्द आणि चालीच्या, हक्कासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा परवाना घ्यावा. जिवंत वादनात ध्वनिमुद्रण वाजतच नसल्यामुळे लेबलचा (ध्वनिमुद्रण काढणाऱ्या कंपनीचा) परवाना मात्र तिथे लागत नाही.

'नफ्यासाठी नाही' हे सिद्ध कसे करायचे?

सवलत मागणाऱ्यानेच ती आपल्याला लागू होते हे दाखवायचे असते, त्यामुळे कागद तयार ठेवावेत. महाराष्ट्रात नोंदणीकृत मंडळाकडे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याचे प्रमाणपत्र आणि धर्मादाय आयुक्तांकडचे सार्वजनिक न्यासाचे प्रमाणपत्र असते. त्यासोबत मंडळाची घटना ठेवावी. उद्देश कोणते आणि शिल्लक सभासदांत वाटली जाणार नाही, हे ज्या पानावर लिहिले आहे ते पान खुणेने वेगळे करावे. गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद आणि हा कार्यक्रम मंडळाचा उपक्रम म्हणून घेण्याचा कार्यकारिणीचा ठराव, इतिवृत्ताच्या नकलेसह, एकाच फाइलमध्ये असावेत. यातल्या ठरावाचाच बहुतेकांना विसर पडतो. कलमात शब्द 'उपक्रमाचा भाग' असे आहेत. ठराव नसेल तर कार्यक्रम मंडळाचा की इव्हेंट कंपनीचा, हा वाद उभा राहतो.

नावात 'क्लब' असून भागत नाही. प्रशिक्षकाच्या मालकीची अकादमी, भागीदारी फर्म, प्रायव्हेट लिमिटेड जिम यांना ही सवलत नाही, फी कितीही कमी असली तरी. मंडळाचा हॉल भाड्याने घेऊन बाहेरचा प्रशिक्षक झुंबाचे वर्ग चालवत असेल, तर तो त्याचा धंदा आहे. परवानाही त्यानेच घ्यायचा, आणि भाडेकरारात तसे लिहून घ्यायचे.

तिकीट, देणगी प्रवेशिका, प्रायोजक यांनी काय फरक पडतो?

(एल) मध्ये तिकीट लावले की सूट संपली, कार्यक्रम धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी नसेल तर. 'देणगी प्रवेशिका' असे नाव दिले आणि ती घेतल्याशिवाय आत सोडत नसाल, तर ते तिकीटच. (के) मध्ये प्रेक्षकांकडून पैसे न घेण्याची अट शब्दशः नाही. तिथे कसोटी संस्थेच्या स्वरूपाची आहे. त्यामुळे मंडळाने खर्च भागवण्यापुरते शुल्क ठेवले म्हणून सूट आपोआप जात नाही. पण मोठी तिकीटविक्री, मंडपभर जाहिराती आणि आयोजकाला वाटा असे चित्र असेल, तर समोरचा वकील नेमके तेच दाखवेल. आमचे मत असे : तिकीट लावायचेच असेल तर परवाना घ्या आणि त्याची रक्कम अंदाजपत्रकात धरा. स्पर्धकांकडून घेतलेले प्रवेशशुल्क ही वेगळी गोष्ट. ते खेळण्याचे पैसे आहेत, पाहण्याचे नाहीत.

एका गाण्यात नेमके कोणाकोणाचे हक्क असतात?

शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची आणि तयार ध्वनिमुद्रण बहुधा लेबलचे. गायक-वादकांचे कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क आहेत ते वेगळेच. शब्द आणि चाल यांचे सार्वजनिक सादरीकरणाचे परवाने आयपीआरएस देते. १९६९ मध्ये सुरू झालेली ही संस्था २०१७ मध्ये कॉपीराइट सोसायटी म्हणून पुन्हा नोंदली गेली. ध्वनिमुद्रणांसाठी पीपीएल अनेक लेबलांच्या वतीने परवाने देते, काही लेबलांचे प्रत्यक्ष कार्यक्रमातले हक्क नोव्हेक्सकडे असतात, आणि आरएमपीएल ही ध्वनिमुद्रणांची नोंदणीकृत सोसायटी आहे. त्यामुळे 'आयपीआरएसचा घेतला, आता काळजी नाही' हे रेकॉर्डेड गाण्यांना लागू नाही. तो अर्धाच परवाना झाला.

पीपीएल ही नोंदणीकृत सोसायटी नाही, म्हणून तिला परवाना देता येत नाही, असे ऐकले. खरे काय?

न्यायालयांतच एकमत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये ठरवले की पीपीएल आणि नोव्हेक्स यांच्याकडे हक्क लेखी हस्तांतरित झालेले असतील, तर मालक म्हणून कलम ३० खाली त्यांना परवाने देता येतात. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एप्रिल २०२५ मध्ये उलट मत दिले आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या मंडळाने मुंबईचा निर्णय धरून चालावे. ज्या गाण्याचा परवाना विकला जातो आहे, त्याचा हक्क देणाऱ्याकडे आहे का, हे विचारण्याचा अधिकार तुम्हाला आहेच. हक्काच्या यादीत तुमचे लेबल आहे का, हे पैसे भरण्याआधी पाहा.

परवाना घ्यायचे ठरले, तर काम कसे करायचे?

सुरुवात गाण्यांच्या तक्त्यापासून. सादरीकरणाचा क्रम, गाण्याचे नाव, गीतकार, संगीतकार, गायक, लेबल, किती मिनिटे-सेकंद वाजणार, आणि फाइल कुठून घेतली, असे आठ रकाने पुरतात. हा तक्ता प्रशिक्षकांकडून किमान एक महिना आधी हवा, कारण त्यानंतरच कोणते परवाने लागतात ते कळते. बहुतेक मंडळांत क्रम उलटा असतो : आधी कुठल्यातरी परवान्याचे पैसे भरले जातात आणि आदल्या रात्री नवे गाणे येते, ते तिसऱ्याच लेबलचे.

तक्ता हातात आला की संस्थांच्या संकेतस्थळावर कार्यक्रमाचा अर्ज भरायचा. त्यात तारीख, ठिकाण, प्रेक्षकक्षमता, तिकीट आहे की नाही, संगीत जिवंत की रेकॉर्डेड, आयोजक संस्था कोण, ही माहिती द्यावी लागते. आयोजक म्हणून मंडळाचे नाव द्या. डेकोरेटरचे किंवा अध्यक्षांचे नको. क्षमता मैदानाची लिहू नका, त्या दिवशी मांडलेल्या आसनांची लिहा आणि तिला मांडणीच्या नकाशाचा आधार ठेवा. शुल्कावर जीएसटी वेगळा येतो. मिळालेल्या पत्रात तारीख, स्थळ आणि वापराचा प्रकार वाचून घ्या : पावसामुळे कार्यक्रम पुढच्या रविवारी गेला, तर जुन्या तारखेचा परवाना कामाचा नाही. कार्यक्रमानंतर प्रत्यक्ष वाजलेल्या गाण्यांची यादी कळवावी. गीतकार-संगीतकारांपर्यंत पैसा त्या यादीवरूनच पोहोचतो.

मंडळाला सूट असूनही सभागृहाचा व्यवस्थापक परवाना मागतो. का?

कारण कलम ५१ मध्ये तोही अडकू शकतो. कॉपीराइटचा भंग करणाऱ्या कार्यक्रमाला नफ्यासाठी जागा वापरू देणे हाही भंग ठरतो. अशा भंगाची कल्पना नव्हती आणि शंका यायलाही कारण नव्हते, असे दाखवले तरच सुटका. म्हणून तो कागद मागतो. भांडू नका. मंडळाच्या पत्रावर चार ओळी द्या : संस्थेचा नोंदणी क्रमांक, कार्यक्रम मंडळाचा उपक्रम आहे हे विधान, ५२(१)(के) चा उल्लेख, आणि काही दावा आल्यास जबाबदारी मंडळाची. सोबत ठराव आणि नोंदणीची प्रत. बहुतेक ठिकाणी एवढ्यावर भागते. काही सभागृहे तरीही ऐकत नाहीत, त्यांचा भाडेकरारच तसा असतो. तो करार आरक्षणाची रक्कम भरण्याआधी वाचायला हवा.

साडेचार मिनिटांचे गाणे कापून ९० सेकंदांचे केले तर?

महिलांच्या कलात्मक जिम्नॅस्टिक्सच्या फ्लोअरला (जमिनीवरच्या कसरतींना) कमाल ९० सेकंद, तालबद्ध जिम्नॅस्टिक्सच्या वैयक्तिक रचनेला ७५ ते ९० सेकंद, गटाला सव्वादोन ते अडीच मिनिटे. म्हणजे कापाकापी आलीच. कायद्याने पाहिले तर कापलेली फाइल ही ध्वनिमुद्रणाची नवी प्रत आहे आणि प्रत करण्याचा हक्क कलम १४ खाली मालकाचा आहे. (के) तिला झाकत नाही. तीन गाण्यांचे तुकडे जोडून केलेला मेडले तर आणखी पुढची पायरी.

व्यवहारात मंडळाच्या हॉलपुरत्या अशा फाइलवरून खटला होणे दुर्मीळ आहे, पण ती फाइल नेटवर चढली की परिस्थिती बदलते. निर्धोक मार्ग दोन. एक, मूळ ट्रॅक न कापता ठरावीक सेकंदापासून लावायचा आणि कन्सोलवर हाताने फेड करायचा, म्हणजे आवाज हळूहळू उतरवायचा. प्रात्यक्षिकात हे जमते. स्पर्धेत नाही, कारण तिथे फाइल आधी जमा करावी लागते. दुसरा, स्वतःचे संगीत करून घेणे, त्याबद्दल पुढे.

शब्दांचा नियमही विसरू नका. महिलांच्या कलात्मक फ्लोअरला बोल असलेले गाणे चालत नाही, तालबद्धमध्ये चालते. हा गुणांकनाचा नियम आहे. पंच एक गुण कापतील, पण त्याचा परवान्याशी काही संबंध नाही.

३० सेकंदांपेक्षा कमी वाजवले तर चालते ना?

नाही. असा कोणताही नियम भारतीय कायद्यात नाही. १० सेकंदांचा, ७ सेकंदांचाही नाही. 'सौजन्य : अमुक लेबल' असे लिहिल्यानेही परवानगी मिळत नाही.

फोनवरच्या ॲपमधून गाणी लावली तर?

संगीताच्या ॲपची वर्गणी वैयक्तिक वापरासाठी असते, अटींतच तसे लिहिलेले असते. कायद्याची सूट असली तरी ॲपशी केलेला करार मोडतो, आणि खाते बंद होऊ शकते. त्याहून मोठी अडचण व्यवहारातली : मनोरा चढत असताना मधेच जाहिरात किंवा फोनची रिंग वाजते. ट्रॅक विकत घेऊन डाउनलोड करा किंवा सीडीवरून घ्या, पावती तक्त्याला जोडा. व्हिडिओवरून फाइल काढून देणारी संकेतस्थळे वापरू नका; ती प्रतच बेकायदा असते आणि तिचा आवाजही मोठ्या स्पीकरवर फाटतो. साउंडवाल्याला सगळे ट्रॅक डब्ल्यूएव्ही स्वरूपात, क्रमांकासह, दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर द्यावेत.

कार्यक्रम यूट्यूबवर थेट दाखवायचा आहे.

इथे मंडळाची सूट संपते. कायद्याच्या व्याख्येत वेगवेगळ्या घरांपर्यंत एकाच वेळी पोहोचवणे हे स्वतंत्रपणे 'जनतेपर्यंत संप्रेषण' आहे, आणि व्हिडिओवर गाणे बसवायला दोन परवानग्या लागतात : शब्द-चालीच्या हक्कदाराची आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाची. हिंदी-मराठी चित्रपटगीतांत दोन्ही हक्क बरेचदा एकाच लेबलकडे असतात, त्यामुळे पत्रव्यवहार एका ठिकाणी आटोपू शकतो. पण आयपीआरएस-पीपीएलच्या कार्यक्रम परवान्यात हे येते असे गृहीत धरू नका.

आणि न्यायालयाच्या फार आधी यंत्रणाच पकडते. यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा गाणे ओळखते, थेट प्रक्षेपणाच्या जागी स्थिर चित्र येते, वाजवणे थांबले नाही तर प्रक्षेपण बंद होते. नुसता 'क्लेम' आला तर जाहिरातीचे पैसे मालकाला जातात किंवा व्हिडिओ काही ठिकाणी दिसत नाही; 'स्ट्राइक' (कॉपीराइटभंगाची औपचारिक ताकीद) आला तर प्रकरण गंभीर. ९० दिवसांत तीन स्ट्राइक म्हणजे चॅनेल जाते, सोबत आधीच्या सगळ्या स्पर्धांचे व्हिडिओही. हॉलच्या माइकमधून आवाज घेतला तर गाणे ओळखले जात नाही, ही समजूत चुकीची आहे.

उपाय कन्सोलवर आहे. प्रक्षेपणाला मुख्य मिक्स देऊ नका. वेगळ्या ऑक्झिलरी आउटपुटवरून फक्त निवेदकाचा माइक द्या. तो माइक तोंडाजवळ धरायचा असावा आणि निवेदक स्पीकरपासून दूर, काचेआड बसलेला असावा, नाहीतर गाणे त्यातून झिरपतेच. नंतर चढवायच्या व्हिडिओला यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतले संगीत लावता येते. क्रिएटिव्ह कॉमन्सचे (रचनाकाराने ठरावीक अटींवर वापरू दिलेले) घेत असाल तर 'एनडी' (रूपांतर नको) असलेले टाळा : चित्राशी वेळ जुळवून संगीत लावणे हे त्या परवान्यांत रूपांतर मानले जाते, आणि एनडी परवान्याखाली रूपांतर इतरांपर्यंत पोहोचवता येत नाही. 'एनसी' (व्यापारी वापर नको) असेल तर प्रायोजकाच्या पट्टीसह व्हिडिओ चालेल का, हा वादाचा विषय. न घेतलेलेच बरे.

जुनी गाणी आणि संतांचे अभंग तर मोकळे असतील?

अर्धवट. शब्द आणि चाल यांचे संरक्षण रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे, ध्वनिमुद्रणाचे ते प्रकाशित झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे. तुकोबांचे शब्द मोकळे आहेत. पण त्यांच्या अभंगाला श्रीनिवास खळे यांनी दिलेली चाल मोकळी नाही : खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे चालीचे संरक्षण २०७१ अखेरपर्यंत. १९६० मध्ये प्रकाशित झालेली तबकडी ध्वनिमुद्रण म्हणून २०२० च्या अखेरीस मोकळी झाली, पण तिच्यातला संगीतकार नंतर गेला असेल तर चाल अजून बंदच. नाट्यपदांत भास्करबुवा बखले (मृत्यू १९२२) किंवा काकासाहेब खाडिलकर (मृत्यू १९४८) यांची कामगिरी मोकळी आहे. तीच पदे आजच्या गायकाने गायलेले रेकॉर्डिंग मात्र नाही. पारंपरिक हलगी-लेझीमचे ठेके कोणाचेच नाहीत. मंडळाच्या मुलांनी ते स्वतः वाजवले तर प्रक्षेपणासकट सगळे प्रश्न सुटतात, आणि मैदानावर ते दिसतेही छान.

स्थानिक संगीतकाराकडून संगीत करून घेतले तर?

सर्वात चांगले, पण करार नीट हवा. कलम १९ नुसार हस्तांतरण लेखी आणि सहीचे लागते, आणि त्यात कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश, मोबदला किती, हे लिहावे लागते. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर भारत. मग मुलगी बाहेरच्या देशात स्पर्धेला गेली की त्याच संगीताचा परवाना नाही. मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो परत जातो, करारात वेगळे लिहिले नसेल तर. आणखी एक ओळ घालाच : संगीतकाराने वापरलेले सॅम्पल आणि लूप (तयार ध्वनींचे तुकडे) त्याच्याकडे परवान्यासह आहेत, ही हमी. हल्लीचे अर्धे घोटाळे त्या लूपमधूनच निघतात.

शाळा, सोसायटी, सरकारी समारंभ आणि दहीहंडी यांचे काय?

शाळेतल्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांचे सादरीकरण आणि ध्वनिमुद्रण ऐकवणे, दोन्ही ५२(१)(जे) मध्ये येते. पण प्रेक्षक शाळेतले, पालक आणि शाळेच्या उपक्रमांशी संबंधित असेच हवेत. गावाला खुले निमंत्रण दिले की ही सूट जाते. गृहनिर्माण सोसायटीची सूट बंदिस्त सामाईक हॉलपुरती आहे, गच्ची आणि पार्किंगला नाही. २६ जानेवारी किंवा १ मे रोजी शासनाने वा महापालिकेने घेतलेल्या अधिकृत समारंभात तुमचे मल्लखांब पथक असेल, तर ५२(१)(झेडए) लागू होते.

त्याच उपकलमात खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीलाही सूट आहे. दहीहंडीला मात्र जपून. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये तिला साहसी खेळाचा दर्जा दिला. प्रायोजकांची बक्षिसे, मोठे व्यासपीठ आणि चित्रपटगीतांचा डीजे असलेल्या कार्यक्रमाला 'धार्मिक विधी' म्हणणे अवघड जाते. तिथे परवाना घ्यावा.

कार्यक्रमात कोणी माणूस येऊन पैसे मागतो, किंवा नोटीस येते. काय करावे?

जागेवर रोख देऊ नका. ओळखपत्र, संस्थेचे अधिकारपत्र आणि कोणत्या गाण्यांबद्दल दावा आहे ते लेखी मागा. आपली फाइल दाखवा, तिची प्रत द्या, मूळ कागद देऊ नका. नोटीस आली तर मुदतीत उत्तर द्या : कार्यक्रमाचे स्वरूप, लागू होणारे उपकलम, असल्यास परवाना क्रमांक. दावा निराधार असेल आणि धमकीची पत्रे येतच राहिली, तर कलम ६० खाली न्यायालयाकडून तसे जाहीर करून घेता येते आणि मनाईही मागता येते.

खरोखर चूक झाली असेल तर मात्र लवकर बोलणी करून शुल्क भरावे. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. व्यापारी लाभासाठी केलेले नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला आहे.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना हेच लागू आहे का?

नाही, तिथला कायदा तिथला. ब्रिटनमध्ये क्लबांना रेकॉर्डिंग वाजवण्याची जी सूट होती, ती १ जानेवारी २०११ पासून गेली. आता पीपीएल पीआरएसचा एकत्रित परवाना घ्यावा लागतो. (तिथली पीपीएल आणि आपली पीपीएल या वेगळ्या संस्था.) अमेरिकेत कोणालाही मानधन नाही, प्रवेश फुकट आणि व्यापारी हेतू नाही, अशा संगीत सादरीकरणाला कलम ११० मध्ये सूट आहे. शिवाय स्पीकरवर रेकॉर्डिंग वाजवण्याचा स्वतंत्र हक्क तिथे लेबलला नाही, फक्त डिजिटल प्रक्षेपणाचा आहे. मंडळाने हॉल घेतला की हॉलकडे आधीच परवाना आहे का, हे विचारून घ्या. अनेकदा तो असतो.

संगीताचा परवाना असला की पोलिसांची परवानगी लागत नाही ना?

लागते. ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांखाली वेगळी घ्यायची असते, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर स्पीकर बंद ठेवावा लागतो. शेवटचा मनोरा पावणेदहाच्या आत बसेल असाच कार्यक्रमाचा क्रम लावा. बक्षीस समारंभ माइकशिवायही होतो.